उजव्या बाजूची चार भोकं

तिसरी बादली मी गाडीच्या चासीखाली ओतली, खराट्यानं पाणी दाराकडं लोटलं, आणि ते काळं पाणी उंबरा ओलांडून गटारीत उतरताना कमरेवर हात ठेवून बघत राहिले. सकाळचे साडेसहा वाजले होते. लग्न होऊन आल्यापासून गॅरेजची फरशी इतकी स्वच्छ मी कधी बघितली नव्हती. ऑईलचे डाग गेले, ग्रीसचे गेले, कुणीतरी कधीतरी थुंकलेल्या पानाचा गेला. सोड्यानं घासून घासून माझी बोटं पांढरी पडली होती.

मग लक्षात आलं, की खडूच्या खुणाही गेल्या.

चार फुल्या होत्या, चासीच्या उजव्या बाजूखाली. मी खराटा टाकला, पदर खोचला आणि रांगत आत गेले. ओल्या सिमेंटवर माझी सावली तेवढी दिसत होती. नखानं खरवडून बघितलं, जणू खडू खाली मुरून बसला असेल. काही नव्हतं.

त्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्या सासऱ्यांपासूनचा रिवाज असा, की आदल्या संध्याकाळी सगळी हत्यारं रॉकेलनं धुऊन पाटावर मांडायची, सकाळी फरशी धुवायची, सडा-रांगोळी करायची, मग पूजा. मांडलेलं हत्यार दसऱ्याची सकाळ होईपर्यंत कुणी उचलायचं नाही. वर्षातला एक दिवस त्यांचा. हे सगळं आमचे हे करायचे. ते जाऊन चौदा महिने झाले होते. गेल्या वर्षी दुखवट्यात पूजा झालीच नाही आणि गॅरेजची खंडेनवमी पहिल्यांदाच माझ्या हातानं होत होती, म्हणून जरा जास्तच घासलं. लोक बघणार आहेत म्हटलं की माझा हात जड पडतो, हा माझा जुना दोष.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोरबाळे मोटार वर्क्स म्हणजे एक लांबट शेड, दोन चेन पुल्या आणि दस्तगीर मिस्त्री. बाकी कामगार येऊन-जाऊन. मी, शालन मोरबाळे, वय एकतीस, अकरावी पास, दाराशी टेबल टाकून बसायची. मला वहीची खोड आहे. कोण किती वाजता आला, कोण किती वेळा ‘उद्या’ म्हणाला, कुणाचा ‘उद्या’ दोन दिवसांचा आणि कुणाचा पंधरा दिवसांचा, हे सगळं माझ्या वहीत असायचं. माणसं तोंडानं काहीही सांगतात. महिनाभर टिपून ठेवलं की खरी कोण ते कळतं.

तेव्हा शेडमध्ये उभी होती ती हेर्लेकर वकिलांची डॉज. पन्नास-एकावन्न सालची, बैलगाडीएवढी रुंद. अशा जुन्या गाड्यांना खाली लोखंडी सांगाडा असतो, ती चासी. वरचा सगळा पत्रा, दारं, टप, ती बॉडी. बॉडी चासीवर दहा बोल्टांनी बसते, डावीकडं पाच, उजवीकडं पाच, प्रत्येक बोल्टखाली रबर. वकिलांच्या गाडीघरात पत्र्याची पन्हळ नेमकी उजव्या अंगाला गळायची. ते पाणी वर्षानुवर्षं रबराखाली साठलं आणि गंजानं भोकांचे काठ खाल्ले. उजवीकडचं सगळ्यात पुढचं भोक तेवढं धड होतं. बाकीच्या चारांत बोल्ट घातला तर पलीकडून खाली पडायचा.

मिस्त्रींनी बॉडी उतरवली आणि पत्रेवाल्याकडं पाठवली. चासी चार लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, चढवली. कुजलेल्या चार भोकांच्या मधोमध ओळंबा सोडला आणि तो जमिनीवर जिथं टेकला तिथं खडूनं फुल्या मारल्या. मग कुजका भाग कापून टाकला आणि नव्या जाड प्लेटा वेल्ड केल्या, कोऱ्या, बिनभोकाच्या. आता त्या फुल्यांवरून ओळंबा परत वर न्यायचा आणि त्याच जागी नवीन भोक पाडायचं, अशी त्यांची पद्धत.

‘‘मिस्त्री, मापं वहीत घेऊ का लिहून?’’ मी तेव्हा विचारलं होतं.

‘‘कागद हरवतोय वहिनी,’’ ते म्हणाले. ‘‘जमीन कुठं जाणार?’’

मला राग आला आणि मी वही मिटली. आयुष्यात तेवढी एकच गोष्ट मी टिपली नाही.

आणि यात माझं काय पणाला लागलं होतं, तेही सांगते. विलास भाऊजी, माझे धाकटे दीर, साखर कारखान्यात नोकरीला. कपाळाला आठी आणि शर्टाला इस्त्री, दोन्ही कायमच्या. जागेवर त्यांचंही नाव. घटस्थापनेच्या दिवशी ते गॅरेजात आले, खुर्ची रुमालानं पुसली, बसले आणि मिस्त्रींच्या समोरच म्हणाले, ‘‘वहिनी, हेर्लेकर वकिलांचं काम दसऱ्याला नीट झालं, तर गॅरेज तुम्हीच चालवा. मी परत बोलणार नाही. पण बिघडलं, तर दिवाळी पाडव्यापासून मिस्त्रींना चालवायला देणार. तुम्ही घरी बसा. लोक मला विचारतात.’’

‘‘काय विचारतात?’’

‘‘हेच की.’’

मिस्त्री पान्याला फडकं मारत होते. त्यांनी मान वर केली नाही. म्हणजे बघा, काम करायचं मिस्त्रींनी, आणि ते बिघडलं तर गॅरेज मिळायचं तेही मिस्त्रींनाच. भाऊजींना यात काही वावगं वाटलं नाही. मला रात्रंदिवस तेच दिसत होतं.

आणि आता मी खुणा पुसल्या होत्या.

मिस्त्रींना सांगावं, हा पहिला विचार. दुसरा विचार असा, की मिस्त्री दुपारी भाऊजींना सांगतील. सांगायलाही नको, नुसते हसले तरी पुरे. मी तशीच चासीखाली बसून राहिले. साडेसहाचे पावणेसात झाले. मिस्त्री साडेआठला येतात. सात वर्षांत चार वेळाच उशीर, चारही वेळा सायकल पंक्चर.

मग मला सुचलं. डावीकडची पाचही भोकं धड होती. गाडीला दोन बाजू असतात आणि त्या सारख्याच असतात. मधोमध सूत धरलं, डावीकडचं भोक सुतापासून जेवढं लांब तेवढंच उजवीकडं मापलं, की झालं. अकरावीला भूमितीत माझे गुण वर्गात सगळ्यात जास्त होते.

पाटावरची हत्यारं पूजेची वाट बघत ओळीनं झोपली होती. मी टेप उचलला. ओळंबा उचलला. ‘‘आत्ता आणून ठेवते,’’ असं मी त्यांना सांगितलं. खरंच तोंडानं सांगितलं.

पुढचा दीड तास मी आयुष्यात केलेलं सगळ्यात नेटकं काम केलं. वहीला ओले हात लागायला नकोत म्हणून मापं खडूनं मनगटावर लिहिली. प्रत्येक माप दोनदा घेतलं. पण ओल्या सिमेंटला खडू धरेना. फुली मारायची, ती विरघळायची. शेवटी पोतं घेऊन चार जागा पुसल्या, त्यावर फुंकर घातली, रॉकेलचा स्टोव्ह पेटवून चासीखाली सरकवला आणि एकेक जागा वाळवली. कुणी बघितलं असतं, तर ही बाई गाडीखाली चहा करते म्हणाला असता. आठ वाजून पंचवीस मिनिटांनी चौथी फुली उमटली. मनगट पुसलं, टेप आणि ओळंबा पाटावर होते तसे ठेवले, आणि रांगोळीचा डबा हातात घेतला तोच सायकलची घंटी वाजली.

‘‘फरशी धुतली वाटतं,’’ मिस्त्री दारातच थांबले.

‘‘व्हय.’’

‘‘चासीखाली पण?’’

‘‘भोवतीनं धुतली. खुणा सोडून.’’

ते खाली वाकले. गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी चासीखाली बघितलं. बघतच राहिले. माझ्या हातातली रांगोळी मुठीतून गळून एकाच जागी तिचा ढीग झाला होता.

‘‘बरं केलंसा,’’ ते उठत म्हणाले. ‘‘नारळ आणलाय न्हवं?’’

एवढंच. हा माणूस भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा ओळंबा सोडून सरळ करतो, आणि आज एक शब्द नाही. हत्यारं मांडलेली होती म्हणून तपासता येणार नव्हतं हे खरं, पण विचारता तरी आलं असतं. मी मनात टिपून ठेवलं: मिस्त्री, नवमी, सकाळ, काही विचारलं नाही.

पूजा झाली. हळदकुंकू मी वाहिलं, नारळ मिस्त्रींनी फोडला, दरवर्षीसारखा एका घावात. विधवेनं हत्यारांना कुंकू लावायचं का, असा प्रश्न जाऊबाईंनी घरी काढला होता. पान्या-पकडींनी काही हरकत घेतली नाही.

दुपारी घरी वही उघडली आणि सगळी मापं आठवून परत मांडली. हिशेब बरोबर आला. परत मांडला, परत बरोबर आला. चुकला असता तर बरं वाटलं असतं. चूक सापडली की माणूस कामाला लागतो. इथं सगळं बरोबर होतं आणि दुरुस्त करायला काही नव्हतं. मिस्त्रींना कळलंय, आणि ते उद्याची वाट बघतायत. भोकं चुकतील, बॉडी बसणार नाही, भाऊजी समोर असतील, आणि मिस्त्री खांदे उडवून म्हणतील, ‘‘खुणा वहिनींनी सांभाळल्या होत्या.’’ मीच तसं सांगितलं होतं ना, खुणा सोडून धुतलं म्हणून.

दसऱ्याला सकाळी दहालाच हेर्लेकर वकील आले. वय शहात्तर, डोक्यावर काळी टोपी, हातात काठी. गेले नऊ दिवस ते रोज यायचे आणि माझ्या टेबलाशेजारी बसून गाडीपेक्षा स्वतःबद्दलच जास्त बोलायचे. ‘तत्त्वतः’ हा शब्द नऊ दिवसांत सत्तावीस वेळा, मी मोजलाय. बॉडी दुपारी ट्रॉलीवरून येणार होती आणि दोन वाजता विजयमुहूर्तावर चासीवर टेकवायची, हा त्यांचाच हट्ट. त्यांच्यामागोमाग विलास भाऊजी आले, पांढराशुभ्र शर्ट, खिशात आपट्याची पानं. खुर्ची रुमालानं पुसली.

‘‘चाललंय का, मिस्त्री?’’

‘‘चाललंय की.’’

मिस्त्रींनी पाटावरचा ओळंबा उचलला. दोरीला हळदीचं बोट लागलं होतं. ते चासीखाली गेले, एकेका फुलीवर ओळंब्याचं टोक धरलं, वरती प्लेटला दोरी कुठं लागते ते बघितलं, काठापासून माप धरून ती जागा प्लेटच्या वरच्या अंगाला नेली आणि खूण पाडायचा सेंटर पंच ठेवून हातोडी मारली. टक्. दुसरी, टक्. चारही घाव मला दातांत जाणवले. मग त्यांनी ड्रिल मशीन घेतलं, वायर ओढली, बटण दाबून एकदा हवेत फिरवून बघितलं.

‘‘शालनताई,’’ वकील म्हणाले, ‘‘या गाडीनं एकदा मला जीवदान दिलेलं आहे. सांगितलं का मी?’’

‘‘नाही, साहेब.’’

‘‘एकसष्ट साल. निपाणीच्या पुढं तारखेला चाललो होतो. घाटात मागून ट्रकनं ढुशी दिली, इथं, उजव्या बाजूला. मी काचेतनं बाहेर पडायचाच बाकी. गाडी बैलांनी ओढत आणली, इथंच, याच शेडमध्ये. तुमच्या सासऱ्यांनी चासी तापवली आणि दोन दिवस घण घातला. सरळ झाली. तत्त्वतः सरळ झाली.’’

‘‘तत्त्वतः म्हणजे?’’ भाऊजींनी विचारलं.

‘‘म्हणजे पाऊण इंच राहिला. मला म्हणाले, वकीलसाहेब, याच्यापुढं ओढली तर तुटेल. हा पाऊण इंच मी बोल्टांच्या भोकांत जिरवतो. उजवीकडची भोकं सरकवून पाडतो. गाडीला कळणार नाही आणि तुम्हालाही कळणार नाही.’’ वकील खूश होऊन हसले. ‘‘पंचवीस वर्षं झाली. मला अजून कळलेलं नाही.’’

उजवी बाजू डावीसारखी नव्हतीच. सासऱ्यांनी मुद्दाम वेगळी केली होती. मिस्त्रींच्या फुल्या त्या सरकवलेल्या भोकांखालच्या होत्या. माझ्या फुल्या एका अशा गाडीच्या होत्या, जी एकसष्ट सालीच मोडली होती.

मी मिस्त्रींकडं बघितलं. त्यांच्या हातातलं ड्रिल प्लेटला टेकलं होतं. बटणावर बोट होतं. फिरत नव्हतं.

‘‘पाणी द्या जरा, वहिनी,’’ ते म्हणाले.

मी तांब्या दिला. ते सावकाश प्याले. तोंड पुसलं. ड्रिलचं बिट काढलं, उजेडात धरून बघितलं, परत तेच बसवलं. फडक्यानं प्लेट पुसली, जी पुसलेलीच होती. सात वर्षांत मिस्त्रींनी हातात घेतलेलं काम मध्येच थांबवून पाणी मागितलेलं मी बघितलं नव्हतं.

‘‘मुहूर्त दोनचा आहे, मिस्त्री,’’ भाऊजी म्हणाले.

‘‘हां, हां.’’

त्यांनी ड्रिल परत टेकवलं. माझ्याकडं बघितलं नाही. नव्या प्लेटेत एकदा चुकीचं भोक पडलं, की ते भरायचं, घासायचं, परत पाडायचं. आणि ते सगळं खुर्चीवरच्या दोघांसमोर. गप्प बसले तर निदान वेळ मिळेल, असं मला वाटत होतं. कसला वेळ, ते मला सांगता येणार नाही. मशीन घरघरलं. प्लेटेतून चांदीसारखी एक बारीक साल वर आली.

‘‘थांबा!’’ मी ओरडले. ‘‘मिस्त्री, थांबा. त्या खुणा तुमच्या नाहीत. माझ्या आहेत.’’

मशीन थांबलं.

‘‘काल फरशी धुताना तुमच्या पुसल्या गेल्या. डावीकडनं मापं घेऊन मी नवीन मारल्या. खोटं बोलले मी. त्या चुकीच्या आहेत.’’

मग भाऊजी उठले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, समाधान होतं. आणि राग परवडला असता.

‘‘ऐकलंत, वकीलसाहेब? फरशी धुतली म्हणे. गॅरेज आहे का स्वयंपाकघर? वहिनी, मी काय म्हणत होतो तुम्हाला? आता मिस्त्री, तुम्हीच सांगा. अशा मालकिणीच्या हाताखाली काम कसं करायचं माणसानं?’’

मिस्त्री चासीपासून बाजूला झाले. उठून उभं राहायला त्यांना वेळ लागला. ड्रिल त्यांनी पाटावर ठेवलं.

‘‘साहेब, वहिनींनी पुसल्या त्या खुणा कामाच्या नव्हत्याच.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘अष्टमीच्या संध्याकाळी शेवटची प्लेट बसवताना मी घण जोरात घातला. मागची घोडी सटकली. चासी सरकली, दोन बोटं तरी नक्की. मी एकटाच होतो. पहारीनं ढकलून परत बसवली. नजरेनं.’’ त्यांनी हाताचे तळवे पँटला पुसले. ‘‘फुल्या तिथल्या तिथं, चासी दुसरीकडं. रात्रभर झोपलो नाही. नवमीला सकाळी काहीतरी करू म्हणून आलो, तर इथं ताज्या फुल्या. माझ्या फुलीचा एक पाय लांब असतोय. ह्या चौरस होत्या, शाळेतल्यासारख्या. ओळखलं मी.’’

‘‘मग बोलला का नाही?’’ मी विचारलं.

‘‘म्हटलं, बरं झालं. आता चुकलं तर वहिनींवर.’’

हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं, की मला राग यायचाच राहिला. दोन दिवस आम्ही दोघं एकमेकांवर पाळत ठेवून होतो, आणि राखत काय होतो, तर काहीच नाही.

‘‘मिस्त्री,’’ भाऊजी जवळ आले, आवाज खाली आणला, पण शेडचा पत्रा सगळं परत करतो, ‘‘काय बोलताय कळतंय का? पाडव्याला मी तुम्हाला—’’

‘‘कळतंय की, साहेब. म्हणून तर आत्तापर्यंत गप्प होतो.’’

वकिलांनी काठीवर हनुवटी ठेवली. ‘‘दोन्ही आरोपींनी गुन्हा कबूल केला,’’ ते म्हणाले. ‘‘आता फिर्यादीचं काय म्हणणं आहे? आणि माझी गाडी कोण बसवणार, ते कुणी सांगेल का?’’

त्या प्रश्नावर मिस्त्री आणि मी, दोघांनीही एकदमच कोऱ्या प्लेटांकडं बघितलं.

‘‘बॉडीला वरनं नट आतच वेल्ड केलेत ना?’’ मी विचारलं.

‘‘व्हय. तुमच्या सासऱ्यांच्या वेळेपासनं आहेत तसेच. पत्रेवाल्यानं हात लावला न्हाई त्यांना.’’

‘‘मग भोकं कुठं पाहिजेत ते बॉडीला माहीत आहे.’’

मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं, आणि मला दिसलं की त्यांच्या डोक्यात चाक फिरलं. ‘‘बोल्टांना टोक काढायचं,’’ ते म्हणाले.

‘‘आणि उजवीकडच्या नटांत फिरवून ठेवायचे, टोक खाली.’’

‘‘डावीकडं आणि पुढं खरे बोल्ट. बॉडी सोडायची. टोक प्लेटवर बसलं की तिथं पंच आपोआप पडतोय.’’ ते वळलेसुद्धा. ‘‘दोनदा उचलावी लागणार. माणसं लागतील.’’

‘‘बसलेली आहेत दोन,’’ मी म्हणाले.

ग्राइंडरवर ठिणग्या उडाल्या. चार बोल्टांना पेन्सिलीसारखी टोकं आली. साडेबाराला ट्रॉली आली. पत्रेवाल्याची चार माणसं, मिस्त्री, मी, आणि चेन पुली कमी पडते म्हणून मागचा उजवा कोपरा विलास भाऊजी. ‘‘शर्ट काढून ठेवा,’’ मी म्हणाले होते. त्यांनी ऐकलं नाही. वकील काठीनं दिशा दाखवत होते आणि कुणीही त्या दिशेला जात नव्हतं.

पहिल्या वेळी बॉडी फिरली, झुलली आणि डावीकडचं तिसरं भोक चुकलं. साखळी परत ओढली. दुसऱ्या वेळी मिस्त्री खाली आडवे झाले आणि तिथून ओरडत राहिले: ‘‘सोडा, सोडा, जरा पुढं, विलासभाऊ, पुढं म्हटलं, मागं न्हाई! हां. सोडा.’’ एवढं वजन वर आणि मिस्त्री खाली. साखळीची एकेक कडी सुटताना मी मोजत होते. एकशे चौदा.

‘‘टेकली,’’ खालून आवाज आला.

बॉडी परत उचलली तेव्हा उजवीकडच्या प्लेटांवर चार बारीक खड्डे पडले होते. शेजारी काही अंतरावर माझे पंच, आणि एका पंचाभोवती ड्रिलचा वरवरचा ओरखडा. पुढच्या प्लेटवर दोन्हींत तांदळाच्या दाण्याएवढं अंतर. दुसरीवर करंगळीएवढं. सगळ्यात मागच्या प्लेटवर पुरता अंगठा मावला.

मिस्त्रींनी अंगठा ठेवून बघितला. ‘‘तरी माझ्यापेक्षा बऱ्या,’’ ते म्हणाले. ‘‘माझ्या खुणांवर भोकं पाडली असती, तर दारं वकीलसाहेबांच्या वाड्यावर जाऊन लागली असती.’’

विजयमुहूर्त टळून गेला. कुणाच्या लक्षातही आलं नाही, वकिलांच्यासुद्धा. भोकं पडली, रबरं बसली, बॉडी तिसऱ्यांदा खाली आली आणि दहाच्या दहा बोल्ट हातानं फिरले. पाना नुसता शेवटच्या आवळणीला लागला. चाकं घातली, घोड्या काढल्या. उजवं मागचं दार भाऊजींनी लावून बघितलं. मग उघडून परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं, आणि हात मागं घेतला.

‘‘इंजिन कधी घालणार?’’ वकिलांनी विचारलं.

‘‘आठवडा लागेल, साहेब.’’

‘‘मग आज सीमोल्लंघन कसं करू? ही गाडी घेतल्यापासून एकही दसरा चुकवलेला नाही मी.’’

मिस्त्री माझ्याकडं बघून हसले. पाच वाजायला आले होते. वकील स्टिअरिंगमागं बसले, सीट नव्हती म्हणून माझ्या टेबलामागच्या खुर्चीवर. बाकीच्यांनी मागून हात लावले. इंजिन नसलेली डॉज शेडमधून बाहेर निघाली, गटारीवरची फळी कुरकुरली, आणि आम्ही ती रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीपर्यंत ढकलत नेली. गिरणीवाला बाहेर येऊन बघत राहिला. वकिलांनी त्याला काठी हलवून नमस्कार केला.

परत ढकलताना चढ होता. माझ्या एका बाजूला मिस्त्री, दुसऱ्या बाजूला भाऊजी. भाऊजींना धाप लागली होती. ते माझ्याकडं बघत नव्हते; मागच्या काचेत काय दिसतं ते बघत असावेत.

‘‘वहिनी,’’ ते म्हणाले.

‘‘बोला.’’

‘‘कारखान्याची जीप आहे. पाडव्यानंतर तिचं काम काढायचं म्हणतायत साहेब.’’ चार पावलं त्यांनी जोर लावून ढकललं. ‘‘कुठल्या दिवशी आणू?’’

मी मिस्त्रींकडं बघितलं. मिस्त्री खाली मान घालून ढकलत होते.

‘‘सोमवारी आणा,’’ मी म्हणाले. ‘‘सकाळी लवकर.’’